गजूच्या हळदीचं कुलूप

गोदाबाईच्या तोंडाला पातूरच्या बाजारात कुणी लागत नसे. तिच्या फुलांच्या दुकानात हाराचा भाव विचारून गिऱ्हाईक पुढे सरकलं, की ती मागून ऐकवायची, "फुलं घ्याले आल्ता, का फुकटचा वास घ्याले?" निम्मी माणसं लाजून परत यायची. नवरा खुशालराव मळ्यात झेंडू आणि शेवंती पिकवायचा, बोलायचं काम त्याने लग्नापासूनच बायकोवर सोपवलं होतं.

एकुलता एक मुलगा गजेंद्र, घरचा गजू. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान त्याने टाकलं होतं. लग्न झालं, पौर्णिमा सून म्हणून घरात आली. वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच दसऱ्याच्या आदल्या पहाटे अकोल्याला झेंडू घेऊन निघालेली गाडी ट्रकवर आदळली आणि गजू जागच्या जागी गेला.

दुकान उठलं. तिथला कॉम्प्युटर घरी आला आणि बैठकीच्या कोपऱ्यात बसला. त्यात लग्नाचा व्हिडिओ होता. आजवर जिने साधा फोनही धड हाताळला नाही, ती गोदाबाई महिन्याभरात तो व्हिडिओ लावायला शिकली. सगळं लग्न तिला नको असायचं. हळदीचा तेवढा तुकडा हवा. बाया गजूच्या तोंडाला हळद फासतायत, आणि तो एकदम ओरडतो, "माय वं! हयद डोयात गेली माह्या!" मग पदराचं टोक पाण्यात बुडवून गोदाबाई धावत येते. तिथं ती थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा लावायची. फोटो घरात ढीगभर होते, पण फोटो काही हाक मारत नाही.

रोज दुपारी हे चालायचं. एके दिवशी करपल्याचा वास आला म्हणून ती आत गेली. तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता, आणि पौर्णिमा पिठाचे हात कानांवर दाबून भिंतीशी उभी होती. आपण पोराची हाक ऐकत होतो, तेव्हा भिंतीपलीकडे ही पोरगी नवऱ्याचा आवाज रोज सोसत होती, हे गोदाबाईच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

तिथून तिने खुशालरावाच्या मागं टुमणं लावलं, पौर्णिमासाठी स्थळ पाहा. गावात कुजबुज झाली, की सासू-सासरेच सुनेला उजवायला निघाले. गोदाबाईने बाजारात बसूनच सांगून टाकलं, "सून तं गजूसंगच गेली. आता लेक हाये ते माही. लेकीले कोनी घरात ठेवते काय?"

बाळापूरचं स्थळ जमलं. मुलगा किराणा दुकानवाला, त्याचीही पहिली बायको वारलेली. मंदिरात लग्न लावायचं ठरलं. त्याआधी गोदाबाईने स्वतःहून विषय काढला. "तो व्हिडिओ बंद करून टाका. उद्या जावई येईन, पाहुने येतीन. माह्या हाताचा भरवसा नाई."

"पुसूनच टाकू मंग," खुशालराव हळूच म्हणाला.

"पुसाले ते काय पाटीवरचं हाये?" ती कडाडली.

शेवटी शिवमला बोलावलं. गजूचा हा मित्र. फोटो स्टुडिओ त्याचा आणि लग्नाचं शूटिंगही त्यानेच केलेलं. सगळा व्हिडिओ त्याने एका फाईलमध्ये घातला आणि सांगितलं, की आता इथं पासवर्ड टाकायचा. तो शब्द ज्याला ठाऊक, त्यालाच ही उघडेल.

"पन काकू, विसरला तं मीबी नाई उघडू शकत. अन् माह्यापाशी दुसरी कॉपी नाई, माही हार्डडिस्कच बिघडली."

"पौर्णिमाले टाकू दे," गोदाबाई म्हणाली. "मले माहीत असलं तं मी उद्याच उघडून बसीन."

पौर्णिमा रडवेली झाली. "आई, तुमी कशा राहसान?"

"राहीन. तू टाक."

दोघं म्हातारे तोंड फिरवून उभे राहिले. कीबोर्डच्या कळा टकटक वाजल्या आणि थांबल्या. शिवम म्हणाला, वहिनी, कुठं तरी लिहून ठेवा. त्यावर गोदाबाईने त्यालाच झापलं. "काई लिहू नोको! त्या घरी कोनाच्या हाती लागलं, तं पोरीच्या जिवाले घोर."

पौर्णिमा बाळापूरला गेली. माहेरपणाला मात्र इकडेच यायची. दोन वर्षांत गोदाबाईने व्हिडिओचं नाव काढलं नाही. दिलेला शब्द मोडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

मग एकदा बाजारात मागून कुणीतरी "माय" म्हणून हाक मारली. ती झटक्यात वळली. दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होता. पण गजूचा आवाज असाच होता, का याहून जाड, हे तिला आठवेना. हातातला हार अर्धाच राहिला. शब्द सगळे पाठ होते. आवाज मात्र कुठं तरी गळून गेला होता. त्या दिवशी ती दुकान आवरून दुपारीच घरी आली आणि आडवी पडली. पोरगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला झालं.

दिवाळीला पौर्णिमा तान्ह्या मुलीला घेऊन आली. गोदाबाईने दार लोटलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलं. "एक डाव उघडून दे बाई. एकच डाव."

पौर्णिमा लगेच बसली. शब्द टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. तिचा चेहरा उतरत गेला. "त्याईचं नाव होतं आई... पुढं काई तरी आकडा होता... अन् एक चिन्हबी... मले आठवून नाई राहिलं!" बाळ रडायला लागलं, तरी ती उठेना. शेवटी कळांवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. "मी कशी इसरली वं माय?"

गोदाबाईला राग आला. खोटं कशाला बोला, सणकून आला. माझ्या लेकराचा आवाज तुझ्यापाशी ठेवला आणि तू हरवलास? पण समोर बसलेली पोरगी अंगाने भरली होती आणि तिचं लेकरू दुधासाठी टाहो फोडत होतं. हेच तर देवापाशी मागितलं होतं, पोरीनं मागचं विसरावं म्हणून. देवाने ऐकलं, यात पोरीची काय चूक?

"ऊठ," ती म्हणाली. "पोरीले पाज आधी."

त्यानंतर पौर्णिमा आली, की पिशवीही खाली न ठेवता कॉम्प्युटरपुढे बसायची. जेवण नाही, बोलणं नाही. उगाच आकडे टाकत राहायची आणि डोळे सुजवून बाळापूरला परतायची. असं दोन-तीनदा झालं.

उन्हाळ्यात ती आली, तेव्हा कोपरा रिकामा होता.

"कॉम्प्युटर कुठं गेला?"

"शिवमले देऊन टाकला," गोदाबाई चपात्या लाटता लाटता म्हणाली. "अकोल्याचा कोनी कारागीर आन्ला होता त्यानं. उघडलं तुहं कुलूप. पाहिलं मी पोटभर. आता काय करतो त्या डब्याले?"

दारात बसलेल्या खुशालरावाने चमकून बायकोकडे पाहिलं, मग उठून तो मळ्याकडे चालू लागला.

पौर्णिमाच्या अंगातलं ओझं उतरलं, ते दिसलंच. ती तिथंच खाली बसली, रडली, हसली. "खरंच? बोलले ते?"

"बोलला नं. माय म्हनला."

"आवाज तसाच होता आई?"

गोदाबाईने चपाती तव्यावर टाकली.

"तसाच," ती म्हणाली.