पहिल्या तुकड्यावर जोर

“मम, प्लीज, इंग्लिशमध्ये बोल ना.”

चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबले. मुलाला उत्तरादाखल आतून आईचे टेबलावर ठोके आले. एक जोरात, दोन हलके. “आप्-पल-टार्ट!” तिला सफरचंदाचा केक हवा होता.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या आमच्या रेस्ट होममधली, म्हणजे मी काम करते त्या वृद्धाश्रमातली, ही डच बाई. पक्षाघातानंतर तिचं इंग्लिश पुसलं गेलं, लहानपणीची डच तेवढी उरली. मुलाला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्लिशमध्येच. तुमच्या पाहण्यात अशी घरं असतीलच. मला काही बोलायला तोंड नव्हतं. आईच्या मराठी मेसेजना मीही इंग्लिशमध्येच उत्तर देते.

मुलगा डच बोलेना म्हणून तिने मला शिकवायला धरलं. ‘स्लाप-कामर’, झोपायची खोली. ‘स्लाप’वर अंगठीचा टण्णकन ठोका, ‘कामर’वर नुसती बोटं. जोडशब्दात जोर पहिल्या तुकड्यावर. घरी मी ‘सफरचंद’ ठोकून पाहिलं, तर कुठे तोडायचं आणि जोर कुठे द्यायचा, काहीच कळेना.

तिच्यासमोर मी फक्त ओठ हलवायची. ती कानामागे हात धरायची. “हार्डर!”

“मोठ्याने म्हण म्हणतेय,” मुलगा सांगायचा.

तिच्या वाढदिवसाला मी ‘हॅपी बर्थडे’ पुटपुटले, तर तिनेच माझा हात धरून हलवला. “खेफेलिसिटेर्ट!” मग शेजारच्या आजोबांचा, मग कुकचा. या शब्दात जोर पार शेवटी! आणि माझा वाढदिवस आज नाही, हे सांगायचं कसं? मी ‘थँक यू’ म्हणून टाकलं.

मुलगा खो खो हसला. “आमच्यात वाढदिवसाला सगळ्यांचंच अभिनंदन करतात. आई माझी, म्हणजे माझंही करायचं.”

ती आशेने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. “हार्डर?”

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

हिवाळ्यात ती गेली. तिच्या पुढच्या वाढदिवशी मुलगा तिची मागे राहिलेली खुर्ची न्यायला आला. हातात सफरचंदाचा केक. “सवयीने घेतला,” म्हणाला, आणि तिच्या रिकाम्या टेबलावर ठेवून उभाच राहिला.

अशा वेळी सॉरी म्हणतात, की अभिनंदन करतात? मला ठरवता येईना. शेवटी मी त्याचा हात हातात घेतला आणि ओठ हलवले.

त्याने कानामागे हात धरला.

“हार्डर,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला डच शब्द.

“खेफेलिसिटेर्ट,” मी मोठ्याने म्हटलं, “तुमच्या आईंबद्दल.”