सगळं पीठ एका घोड्यावर नको

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या सांगलीच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात मात्र मी फक्त स्वतःवर चिडले होते.

जतकडच्या एका गावात पाण्याची टाकी टेकडीवर आणि मोटर खाली विहिरीपाशी. मोटर चालवणारे मामा पाणी किती चढलं ते बघायला दिवसातून चार वेळा टेकडी चढत. मामींचे गुडघे गेलेले, त्यामुळे बदली माणूस नाही. मेढ्याला दिलेल्या लेकीला मुलगी होऊन पाच महिने झाले, तरी मामांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. टाकीची पातळी रेडिओने खाली कळवणारा डबा चालू झाला, की मामी खालूनच मोटर सांभाळणार आणि मामा मेढ्याला जाणार, असं ठरलं होतं.

डब्याचा प्रोग्रॅम माझा. पातळीचा आकडा तुकड्यातुकड्यांनी जातो, त्यासोबत थोडी जादा माहिती पाठवायची. वाटेत एखादा तुकडा बिघडला, तर त्या माहितीवरून खालचं यंत्र तो आपणच दुरुस्त करतं. ऑफिसात झकास चाललं. गावात चार माणसं गोळा करून मी ऐटीत मोटर चालू करायला लावली, आणि निम्मी रिकामी टाकी खालच्या यंत्राच्या पडद्यावर काठोकाठ भरली. हात दाखवून अवलक्षण!

"मशीन लय शिकल्यालं दिसतंय," मामा म्हणाले आणि काठी घेऊन टेकडी चढू लागले.

कारण तासाभरात सापडलं. मोटर चालू असली की रेडिओत मधूनच खरखर उठायची आणि सलग तुकडे गिळायची. आकडाही जायचा, त्याला दुरुस्त करणारी शेजारची माहितीही. उपाय काही सुचेना.

मामांच्या घरी जेवायला बसले, तेव्हा मामी मेढ्याच्या पिशव्या भरत होत्या. तिन्ही पिशव्यांत थोडे लाडू, थोडी झबली, थोड्या शेंगा.

"मामी, लाडू एकीत आणि झबली एकीत, असं का नाही?"

"एकादी पिशवी यष्टीत ऱ्हायली म्हंजे? आमच्या म्हायेरी मेंढरांमागं हिंडताना समदं पीठ कवा एका घोड्यावर घालत न्हाईत. घोडं वड्यात पडलं तर समद्यांनी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

मी अर्धी भाकरी टाकून उठले. अनेक आकड्यांचे तुकडे एकमेकांत मिसळून पाठवायचे! मग खरखरीने सलग पाच गिळले, तरी प्रत्येक आकड्याचा एखादाच तुकडा जाणार, आणि तेवढा दुरुस्त होतो. कॉलेजात हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डोक्यात शिरलं ते मामींच्या चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी मामा टाकीवरून ओरडून पातळी सांगत होते आणि मामी खाली पडद्यावर वाचत होत्या. दर वेळी आकडा जुळला. मामा उतरले ते थेट धुतलेली टोपी घालायला घरात गेले.

परवा संध्याकाळी मेढ्याहून फोन आला.

"ताई, नात बघितली," मामा म्हणाले, आणि आवाज बंद झाला. तिकडं डोंगर, रेंज गेली असणार, म्हणून मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. तेवढ्यात तान्ह्या पोरीचं खिदळणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. रेंज कुठंच गेली नव्हती. मी हॅलो थांबवून फोन कानाशी धरून ठेवला.