हौसाची हजेरी

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार. उंब्रजजवळच्या आमच्या घरी त्या सकाळी हजर: माझी आई, धाकटा भाऊ बाजीराव, त्याची तीन वर्षांची मुलगी कुसुम, आणि सांगलीहून पहिल्या मोटारीने पोचलेली मी. बाजीरावची बायको हौसा ओसरीवर निजवलेली होती. तिचे डोळे आईने आधीच मिटले होते. माझा हात सवयीने तिच्या पापणीकडे गेला... आणि मी तो मागे घेतला. आईने ते पाहिले. “आता तरी सोड की गं तिला,” ती म्हणाली.

न्यूमोनियाने गेली, असे बाजीराव सांगतो. आधी आठवडाभर खोकला होता. मी आईला बाजूला घेऊन विचारले, “खोकल्याला काय दिलंस?” आई म्हणाली, “आल्याचा रस.” “आणखी?” “मध.” ती पदराने डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या तोंडावरून काही कळले नाही.

अफूचा हा संशय आमच्या घरात आला तो लढाईच्या दिवसांत. बाजीराव रजा संपवून ब्रह्मदेशाकडे गेला तेव्हा हौसाला पहिल्यांदा दिवस गेले होते. तिची कंबर फार दुखायची. शेजारच्या एका म्हातारीने अफूची बारीक गोळी दिली आणि दुखणे थांबले. हौसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, मग रोजच मागू लागली. गरोदर बाई माती मागते, चुलीतली राख मागते आणि आपण तिला ती देतो. आईने ही गोळीही त्यातच धरली आणि बाजारातून आणून देऊ लागली. मी सांगलीला शाळेत शिकवते; सुटीत घरी गेले तर हौसा भर दुपारी भिंतीला टेकून पेंगत होती. मी आईला म्हटले, “हे कसलं गं देतेस तिला?” “डोहाळं हायत तिचं. न्हाई पुरवलं तर पोराचा कान फुटतोय.” “अफूचे डोहाळे?” “तुला कवा लागलं व्हतं डोहाळं, तवा कळंल?” मी बालविधवा. आई सहसा असे बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली.

मुलगा झाला तो ओंजळीत मावेल एवढा. त्याचे हातपाय थरथरत, तो सारखा शिंकत असे, आणि रडणे इतके तीक्ष्ण की गोठ्यातली म्हैस बिथरावी. अंगावर पाजायला घेतले की तोंड फिरवायचा. शेवटी म्हातारीने बोटावर अफू घेऊन त्याच्या जिभेला लावली. तो शांत झाला. “बघा, आईचंच डोहाळं लेकाला!” म्हातारी म्हणाली आणि बायका हसल्या. पुढे तो रडला की बोट, रडला की बोट... एका दुपारी तो पाळण्यात निजला तो उठलाच नाही. गावाने दृष्ट लागली म्हटले. बाजीरावला तापाने गेल्याचे कळवले गेले. मला म्हातारीचा संशय होता, आईचा होता, आणि सगळ्यात जास्त हौसाचा, कारण ती रडत नव्हती. नुसती पेंगत होती.

लढाईवरून बाजीराव परतल्यावर दुसऱ्या खेपेस तिसरा महिना लागताच मी तिला सांगलीला माझ्या घरी आणले. डॉक्टरीणबाईंनी बजावले, गोळी एकदम तोडायची नाही, पोटातल्या जिवाला धक्का बसेल. थोडी थोडी कमी करा. आणि चोरून घेते का हे कळायची खूण सांगितली: डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. तेव्हापासून रोज सकाळी मी हौसाला खिडकीपाशी उभी करून तिचे डोळे तपासू लागले. दोनचार दिवसांत ती स्वतःच दोन्ही बोटांनी पापण्या खाली ओढून पुढे येऊ लागली. “हजर, बाई!” मला हसू यायचे, तरी मी बघायचेच. मग तिची मिश्रीची डबी उघडून हुंगायचे. त्या काळ्या भुकटीत काहीही लपले असते. मिश्रीही सोड, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यावर हौसा म्हणाली, “समदंच सोडलं तर म्या कशाला धरून ऱ्हाऊ, वन्सं?”

गोळी ज्वारीएवढी झाली, मग मोहरीएवढी. तिला घाम फुटायचा, पोटात पिळवटायचे, ती गुडघे छातीशी घेऊन पडायची, आणि मी पाय चेपता चेपताही तिच्या बाहुल्यांकडे बघत असायचे. एकदा तिने माझा हात झटकला. “तुमी माज्या डोळ्यांत बघता, वन्सं. माज्याकडं कवा बघता?”

कुसुम झाली तीही लहानखुरी, आणि सुरुवातीला थरथरायची. अंधाऱ्या खोलीत हौसाने तिला दुपट्यात घट्ट बांधून छातीशी धरले ते दिवसच्या दिवस खाली ठेवले नाही. आई भेटायला आली आणि सवयीने म्हणाली, “जरासं बोट लावू का?” हौसा तिच्यावर अशी ओरडली की आई उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. कुसुमने दूध ओढायला सुरुवात केली तेव्हा हौसा रडली. मी ते पाहिले, आणि तेवढ्यात तिच्या बाहुल्याही पाहिल्या. मोठ्या होत्या.

पुढे ती गावी परतली. मी जाईन तेव्हा दारातच पापण्या ओढून उभी असायची. “हजर, बाई!” पण मधले दिवस? बाजारात जाणारी आई, शेजारची म्हातारी, हौसाचे अधूनमधून दुखणारे कंबरडे... मी सांगलीत बसून किती वेळा हे मनात फिरवले असेल.

तेराव्यानंतर कुसुमला मी सांगलीला आणले. हौसाची लुगडी वाटून टाकली, अंथरूण धुतले, कुसुमच्या वेळी मागून आणलेला पाळणा ज्यांचा त्यांना पोचवला. सकाळी मी शाळेला निघाले की कुसुम समोर येते, बोटांनी पापण्या खाली ओढते आणि म्हणते, “हजल, बाई!” तिला हे कोणी शिकवले ते उघड आहे. तिला तो खेळ वाटतो.

तिच्या बोचक्यात हौसाची मिश्रीची डबी आली आहे. शेवटच्या आजारपणात ती डबी हौसाच्या उशाशी होती. गेल्या आठवड्यात बाजीराव आला होता. त्याने डबी हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. “आक्का, ह्यात काय हाय?”

“मिश्री असेल.”

“बघितलीस व्हय?”

डबी खिडकीत आहे, जिथे मी हौसाला उभी करत असे तिथेच. घरातली बाकी सगळी आवराआवर झाली. तेवढे झाकण उघडायचे राहिले आहे.