आधी वर बघा

नव्वदच्या दशकात मी शिकागोत होतो. तिथल्या एका जुन्या वाचनालयाच्या दाराशी एक म्हातारा रखवालदार खुर्ची टाकून बसायचा. गुडघे धरलेले, त्यामुळे सहसा उठत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला मात्र बजावायचा, "आधी वर बघा!" वर रंगीत काचांचा घुमट होता.

नागपूरहून आई आली, तेव्हा तिला तिथे नेलं. घुमट पाहताच तिने दाराशी चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगं आई, हे देऊळ नाही," मी चिडून पुटपुटलो. अनवाणी फिरायला तिथे मनाई होती.

तो उठला. आता हटकणार, असं वाटलं. त्याने चपला उचलून स्वतःच्या खुर्चीवर ठेवल्या.

तासाभराने आम्ही परतलो, तेव्हा तो भिंतीला टेकून उभाच होता. आईने त्याला नमस्कार केला. या वेळी मीही हात जोडले.