हळदीतलं एक गाणं

भाचीच्या हळदीत मी एक गाणं नाचले आणि माझा आजार खोटा ठरला.

आधी आजाराचं सांगते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला, गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. थकवा तेवढा गेला नाही. थकवा म्हणजे दमणं नव्हे बरं का! दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजं होतं. मी उठायचे ती पिळून काढल्यासारखी. केस विंचरायला हात वर धरवेना, बोलता बोलता साधा शब्द सुचेना. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, लाँग कोविड. सासूबाई म्हणाल्या, "ताप नाय, खोकला नाय, मंग दुखतं तरी काय गो?"

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. पहाटे उठून वाडीतली भाजी काढायची, चंदनसारहून विरारच्या बाजारात जाऊन बसायचं, हा त्यांचा जन्माचा रिवाज. अंग हलवलं की दुखणं पळतं, एवढं एकच औषध त्यांना ठाऊक. शिवाय माझे वाईट दिवस त्यांनी बघितलेच नव्हते. त्या दिवसांत मी दार लोटून अंधारात पडलेली असायचे आणि त्या बाजारात. चांगल्या दिवशी मात्र मी ओट्यापाशी उभी. म्हणजे त्यांना दिसायची ती धडधाकट सूनच.

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला श्वास घ्यायला शिकवलं, बसून भाजी चिरायला शिकवलं, स्टुलावर बसून आंघोळ करायला लावलं. सगळ्यात अवघड काय होतं, तर चांगल्या दिवशी थांबणं. अंगात जरा जीव आला की मी सगळं घर उपसायला घ्यायचे आणि पुढे कितीतरी दिवस खाटेवर. बाई म्हणाल्या, "आहे त्यातलं निम्मंच वापरायचं." ते मला लगेच पटलं. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं. पहिल्याच दिवशी पिंप रिकामं करणाऱ्या बाईला कोण शहाणी म्हणेल?

मग माहेरी, चांदीपला, माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मी एकुलती एक आत्या. हळद आणि लग्न दोन्ही झेपणार नव्हती, एक काहीतरी निवडायला हवं होतं. मी हळद निवडली. लग्नात काय, अक्षता टाकायच्या नि जेवायचं. हळदीत आमच्याकडे नाचतात, आणि मी माहेरची नाचरी म्हणून नावाजलेली. ह्या आजारानं माझं सगळं नेलं, एक गाणं तरी माझं मला परत पाहिजे होतं. हावच म्हणा हवं तर.

त्यासाठी आधीपासून साठवणूक सुरू केली. स्वयंपाक नवऱ्यावर सोपवला, दुपारी निमूट आडवी व्हायला लागले. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "भावाच्या दारी मांडव, नि ही बाय घरात लोळते!" मी दात खाऊन गप्प बसले. भांडायलाही जीव लागतो, तो मला खर्चायचा नव्हता.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात खुर्चीवर बसले. बेंजोची वाजंत्री सुरू झाली, पिवळीजर्द झालेली भाची समोर येऊन हात धरून म्हणाली, "आत्या, एकच." उठले. आणि काय सांगू, पायांना सगळं आठवत होतं! बायकांनी कडं केलं, वहिनीनं शिट्टी मारली, मी हसत होते, रडत होते, कसलंच भान नव्हतं. गाणं संपलं तशी खुर्चीवर येऊन बसले. इतकी खूश मी आजारपणात कधीच नव्हते.

नणंदेनं तेवढ्यात व्हिडिओ काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची आजारी वहिनी', आणि पुढे हसऱ्या तोंडांची रांग. झालं! मग ज्याला त्याला कंठ फुटला. कामाला आजारी, नाचायला बरी.

दुसऱ्या दिवशी लग्नाला नवरा गेला. मला एकटीला सोडायचं नाही असं त्यानं बजावलं म्हणून सासूबाई घरी राहिल्या, धुसफुसत. खोलीत आल्या त्या मला उठवायलाच. "ऊठ गो, काल नाचलीस ना? चहा तरी टाक." मी उठायला गेले आणि कुशीवर कलंडले. खिडकीतला उजेड डोळ्यांत खुपत होता. पाणी मागायचं होतं, तर 'पाणी' हा शब्दच येईना, नुसता हात हलला. त्या बघत उभ्या राहिल्या. मग पेला आणला. तो मला धरता येईना, तेव्हा खाटेवर बसून मान उचलून त्यांनी पाणी पाजलं. "असंच होतं तुला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "नि मना कदी सांगितलं नाय?" सांगितलं होतं हो, हजारदा. पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यांनी उठून खिडकीला आपलं लुगडं टांगलं.

दुपार टळल्यावर नणंद लग्नातले लाडू घेऊन आली. ओटीवरूनच हाका मारत, मोबाइलवर माझाच नाच मोठ्यानं लावून. "कुठाय आमची डान्सर? लग्नाला यायला पाय दुखले वाटतं!"

सासूबाई ओटीवर गेल्या. मला वाटलं, आता दोघी मिळून हसतील. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"बंद कर ते," सासूबाई म्हणाल्या. "कालचा नाच दावलास ना सगळ्यांना? मंग आत ये नि आजचं पन बग."

बेंजो थांबला. दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, हे मला डोळे न उघडताही कळलं. मग नणंद म्हणाली, "वहिनी, अगं..."

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "तिला तरास होतो."

मी उशीत तोंड खुपसून रडले. आजारी पडल्यापासून त्या घरात माझ्यासाठी कोणी आवाज खाली केला नव्हता.