भिंतीवरचा दाखला

इमारत न बघता ‘मजबूत आहे’ असा दाखला देणाऱ्या लोकांची मला पहिल्यापासून शिसारी. मी नांदेडचा, इमारती तपासणं हाच माझा धंदा. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की माझं तोंड सुटायचं. अरे, खाली खुर्ची टाकून, केळीचे वेफर्स खात, वर बोट करून ‘ठीक आहे’ म्हणता, ही काय तपासणी झाली? स्लॅबला हातोडी लावल्याशिवाय कागदाला पेन लावायचं नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. लोक माना डोलवायचे, मलाही बरं वाटायचं.

एक दिवस निलंग्याकडचा एक शेतकरी माझ्या दारात आला. त्याची पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती, तिथंच मुलींच्या हॉस्टेलात राहायची. तिच्या गादीवर छताचा हातभर पोपडा पडला होता.

“क्लासला गेल्ती म्हणून वाचली,” तो म्हणाला. “मालक म्हणून राहिला की कागद पक्का हाय, काय होत न्हाई. चाळीस लेकरं झोपतेत वो तिथं. तुमी एकदा बगा साहेब.”

माझा पत्ता कुठून मिळाला, हे मी विचारलंच नाही. माझं नाव लोकांना माहीत असणारच, ही घमेंड.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लातूरला गेलो. दुसऱ्या मजल्यावर पोरीच्या पलंगावर टेबल चढवून मी उभा राहिलो आणि छताला हातोडी लावली. बद्द. दुसरीकडं लावली, तिथंही बद्द; आतून पोकळ. नखानं खरवडलं तर प्लास्टर पिठासारखं गळालं आणि आतल्या गंजून फुगलेल्या सळईची खपली माझ्या हातात आली. ज्या जिल्ह्यानं भूकंप अंगावर झेलला, तिथं हे! माझं डोकंच फिरलं. टेबलावरूनच मी दारात उभ्या मालकावर ओरडलो, “कोणत्या गाढवानं दाखला दिला ह्याला? लायसन्स काढून घ्यायला पाहिजे त्याचं!”

मालकानं तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सारला, खाली जाऊन दाराजवळच्या भिंतीवरची दाखल्याची काचेची फ्रेम काढून आणली आणि बाहीनं पुसून माझ्या हातात दिली.

सही माझी होती. शिक्काही माझाच.

शेतकरी भाबडेपणानं म्हणाला, “म्हणून तर तुमच्याकडं आलो साहेब. तुमची सही बगून पोरीला हितं ठिवलं, आन् सही बगूनच तुमचं दार हुडकलं.”

हे झालं कसं, ते सांगतो. लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. लातूरला महापालिकेच्या ऑफिसासमोर फायली तयार करून देणारा एक माणूस बसायचा. तो म्हणाला होता, “साहेब, दर वेळी नांदेडहून कशाला येता, लोकांची कामं अडतात.” मी त्याच्याकडं सही-शिक्का मारलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवून दिला. सगळेच ठेवतात. तो फोनवर इमारतीचं वर्णन सांगायचा, मी ‘हाव, भर’ म्हणायचो. ह्या हॉस्टेलालाही म्हणालो असणार. जेवताना म्हणालो की गाडी चालवताना, ते आठवतसुद्धा नाही.

मालक जवळ सरकला. गुटख्याचा वास नाकात गेला. “म्हणजे आपण घरचेच की साहेब! वरून प्लास्टर मारून रंग देतो. तुमचंबी झाकलं, आमचंबी झाकलं.”

छी! त्याची किळस आलीच, पण तो माझ्याशी आपल्या जातकुळीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होता आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, ह्याची जास्त आली.

तिथंच बसून मी दाखला रद्द केल्याचं आणि इमारत लगेच रिकामी करायचं पत्र लिहिलं. पोरींच्या पेट्या, बादल्या, पुस्तकं खाली येईपर्यंत दारात उभा राहिलो. परीक्षा तोंडावर आली म्हणून एक पोरगी मला ऐकू जातील अशा शिव्या घालत होती. मी ऐकून घेतल्या. मग एक तक्रार लिहिली, माझ्याच विरुद्ध, माझा लायसन्स नंबर घालून.

चौकशीला आमच्याच धंद्यातले तीन ज्येष्ठ बसले होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“अहो, तुम्ही पण ना! स्वतःहून असं कुणी लिहितं का?” एक जण म्हणाला. “असं धरायला लागलो तर सही करायला माणूस उरायचा नाही जिल्ह्यात.”

तिघंही हसले. माझं लायसन्स काढून घ्या, असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी ‘समज देण्यात येते’ एवढ्या एका ओळीवर प्रकरण मिटवलं. लायसन्स खिशात तसंच. शेणात पाय पडावा आणि धुवायला पाणी मिळू नये, तसा मी घरी आलो.

पंधरा दिवसांनी शेतकऱ्याचा फोन आला. पोरगी दुसऱ्या हॉस्टेलात गेली होती.

“हितंबी भिंतीवर कागद हाय साहेब. सही दुसऱ्याची हाय.” त्यानं अडखळत नाव वाचलं. मला चहा पाजणाऱ्या तिघांतलंच ते एक. “खरी आसंल का वो?”

“न बघता हाव कसं म्हणू?” मी म्हणालो.

“सही नगं तुमची,” तो म्हणाला. “निस्तं येऊन बगा.”