डोळखांबच्या विहिरीवर खलाशांचं गाणं

आमच्या तिघांच्या गाण्याबजावण्याच्या मंडळाचे इतके किस्से साचलेत, की रविवारी तालीम कमी आणि किस्सेच जास्त होतात. त्यातले सांगण्यालायक किती, याची मला शंका आहे. बायको म्हणते, "तुम्हाला कशाची नसते?" तरी सांगतो.

*

मी रसायनशास्त्रातला पीएच.डी., कॉलेजात शिकवायचो. निवृत्तीनंतर किन्हवलीला आलो आणि मँडोलिन घेतलं. आवड जडली ती परदेशी खलाशांच्या जुन्या गाण्यांची. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर देत दोर ओढायचा!

गावातला कमलाकर वीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. मी धावतच त्याच्याकडे गेलो. "तुमच्या जहाजावर ही गाणी कशी म्हणायचे?"

"कोण म्हणतंय सर! बटन दाबलं की क्रेन उचलते. ही गाणी मी आज पयल्यांदा ऐकली, तुमच्या मोबाइलवर!"

तरी आवाज दणदणीत, म्हणून गायक तोच. शब्दही त्यानेच मराठीत बसवले. प्रत्येक गाण्यात कुठेतरी जेवण येतंच.

*

माझा दोष एकच. एक सूर चुकला की माझा हात थांबतो आणि मी पहिल्यापासून सुरू करतो. आजवर एकही गाणं शेवटपर्यंत गेलेलं नव्हतं. बायको एकदा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, गाणं वाजवताय की पेपर तपासताय?"

*

आमचा ढोलकीवाला लाडकू. त्याने मुरबाडजवळ एका हळदीची सुपारी घेतली. पोरं नाचायला लागली आणि माझा सूर चुकला. मी माइकवर म्हणालो, "क्षमस्व, पुन्हा पहिल्यापासून."

असं चारदा झालं. पोरं हात वर करून तशीच उभी! शेवटी नवरीचा मामा आला. "सर, तुमी जेवून घ्या. हळद सुकली."

त्या दिवशी मी मँडोलिन विकायचं ठरवलं. घ्यायला कुणी आलं नाही.

*

मग डोळखांब. लाडकूच्या मेहुण्याकडे वाद्यं घेऊनच जेवायला गेलो, तर पाड्यातली आठ माणसं विहिरीवर. पाण्याची मोटार सुटून तळाला गेलेली, भेंडी माना टाकायला लागलेली. दोर धरला होता सगळ्यांनी, पण प्रत्येक जण आपापल्या सवडीने ओढत होता. मोटार हलेना.

कमलाकरने बाह्या सरसावल्या. "सर, काढा ते मँडोलिन!"

मी मँडोलिन काढलं. लाडकूने ताल धरला, कमलाकरने ओळ टाकली, "बांगडा तळला रे!" आठही जण ओरडले, "ओढ रे ओढ!" आणि दोर एकदम हातभर वर आला! दुसरी ओळ, तिसरी ओळ. पाण्यातून मोटार दिसायला लागली.

तेवढ्यात माझा सूर चुकला. मी थांबलो. सवयच.

गाणं थांबलं, माणसंही थांबली. मोटार अधांतरी, दोर हातातून सरकायला लागलेला. मेहुणा लालबुंद होऊन ओरडला, "सर, चुकीचं वाजवा, पन वाजवा!"

मी डोळे मिटले आणि वाजवत सुटलो. किती सूर चुकले, देव जाणे.

बऱ्याच वेळाने खांद्यावर हात पडला. डोळे उघडले तर सगळे पंगतीला बसलेले, पानं वाढलेली.

मेहुणा म्हणाला, "सर, मोटार सुरू होऊन भेंडीला पानी पोचलं. आता तरी थांबा!"